भिंतीत मुरलेले पाणी आणि अडखळणारे वाय-फाय

ठाण्यात नौपाड्यातील किंवा टेंभी नाक्याजवळील जुन्या घरांत एक तक्रार पावसाळ्यात हमखास ऐकू येते. दिवाणखान्यात वाय-फाय उत्तम चालते, पण मधली जाड भिंत ओलांडून स्वयंपाकघरात गेले की व्हिडिओ कॉल अडखळू लागतो. त्यावर ‘जास्त ताकदीचा राउटर घ्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो. बहुतेक घरांत या सल्ल्याने पैसे खर्च होतात आणि अडचण तशीच राहते.

वाय-फायच्या लहरींची शक्ती डेसिबलमध्ये मोजतात. शक्ती निम्मी झाली की ३ डेसिबल घटतात, दहावा भाग उरला की १० आणि शंभरावा भाग उरला की २०. म्हणजे राउटरची शक्ती १०० मिलिवॅटवरून २०० मिलिवॅटवर नेली, तरी हाती केवळ ३ डेसिबल लागतात. शिवाय संवाद दुतर्फी असतो. राउटरचा आवाज मोबाइलपर्यंत पोहोचला, तरी मोबाइलमधील लहानशा ॲन्टेनाचे उत्तर त्याच भिंतीतून परत यावे लागते, आणि मोबाइलची शक्ती आपण वाढवू शकत नाही.

भिंतीत लहरीचे काय होते, हा या विषयातील सर्वांत रंजक भाग आहे. कोरडी वीट आणि चुना लहरीचा थोडा भाग परावर्तित करतात, थोडा शोषतात. खरा शोषक असतो तो पाणी. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते, त्यामुळे लहरीतील विद्युतक्षेत्राची दिशा बदलली की रेणूही तिच्यामागे वळू पाहतो. भोवतालचे रेणू त्याला अडवतात, त्याचे वळणे क्षेत्रापेक्षा थोडे मागे पडते, आणि या ओढाताणीत लहरीची ऊर्जा उष्णतेत बदलते. मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न याच कारणाने तापते. २.४५ गिगाहर्ट्झ ही पाण्याच्या अनुनादाची, म्हणजे रेणूच्या स्वाभाविक कंपनाशी जुळणारी, वारंवारता आहे, असे अनेकदा छापून येते. ते चुकीचे आहे. सामान्य तापमानाला ही ओढाताण २० गिगाहर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असते. भट्टीसाठी २.४५ निवडली गेली, कारण तो पट्टा औद्योगिक वापरासाठी राखून ठेवलेला होता.

घरातले वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन वारंवारता-पट्ट्यांवर चालते. २० गिगाहर्ट्झच्या त्या शिखराच्या बऱ्याच खाली असताना वारंवारता दुप्पट केली, की प्रत्येक सेंटीमीटरमागे शोषण जवळपास चौपट होते. सलग पाण्याचा एक सेंटीमीटर थर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीचे सुमारे अडीच डेसिबल गिळतो, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरीचे नऊ-दहा. ४५ सेंटीमीटर जाडीच्या भिंतीत घनफळाच्या ५ टक्के पाणी मुरले, तर ते सव्वादोन सेंटीमीटरच्या थराइतके होते. हा हिशेब ढोबळ आहे, कारण छिद्रांत विखुरलेले पाणी सलग थरासारखे वागत नाही; पण दोन पट्ट्यांमधील तफावत कोणत्या बाजूची आहे, हे त्यातून स्पष्ट दिसते. म्हणून जाड भिंतीपलीकडे मोबाइल २.४ च्या पट्ट्यावर ठेवणे शहाणपणाचे ठरते, जरी त्यावर शेजाऱ्यांची गर्दी असली आणि वेग कमी मिळाला तरी. लोखंडी कपाटाची गोष्ट वेगळी आहे. धातूचा पत्रा लहर जवळजवळ पूर्ण परतवतो, तेव्हा राउटर त्याच्या मागे ठेवू नये.

राउटर आग्नेय कोपऱ्यातच हवा, असे सांगणारे वास्तुसल्लागार आणि सिग्नल वाढवणारे स्टिकर विकणारे दुकानदार यांच्या म्हणण्याला भौतिकशास्त्राचा काहीही आधार नाही. दिशा शुभ आहे की अशुभ, याची विद्युतचुंबकीय लहरीला दखल नसते.

खरा उपाय म्हणजे लहरीला भिंत ओलांडायलाच न लावणे. रिपीटर, म्हणजे सिग्नल ऐकून तोच पुढे पाठवणारे उपकरण, भिंतीपलीकडे ठेवला, तर त्याच्यापर्यंतही दुबळी झालेली लहरच पोहोचते, आणि एकाच चॅनलवर, म्हणजे पट्ट्याच्या एकाच भागावर, ऐकून पुन्हा बोलावे लागल्याने वेग साधारण निम्मा होतो. त्यापेक्षा भिंतीतून लॅन केबल न्यावी. शुद्ध तांब्याची कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत बिनदिक्कत चालते, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल मात्र टाळावी. केबल आधी ओवून मग तिला प्लग बसवला, तर छिद्र लहान पुरते. बाहेरच्या भिंतीला छिद्र पाडायचे असेल, तर ते बाहेरच्या बाजूला उतरते ठेवावे आणि आत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पागोळीचे पाणी केबलवरून आत न येता झोळावरूनच गळून पडते. पलीकडच्या टोकाला जुना राउटरही चालतो. त्याचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करावे, त्याला मुख्य राउटरपेक्षा वेगळा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधील ओळख-क्रमांक, द्यावा, केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावावी, नेटवर्कचे नाव व पासवर्ड तोच ठेवावा, आणि २.४ च्या पट्ट्यावर एकाला चॅनल १ दिला असेल, तर दुसऱ्याला ६ किंवा ११ द्यावा.