सुपरहिरोपटांचा साचा कुठून आला?

सुपरहिरोचा नवा सिनेमा नाशिकच्या मल्टिप्लेक्सला लागला की बघून आलेली मुलं म्हणतात, "मध्यंतरालाच शेवट कळला होता." तक्रार खरी आहे. पण गोष्ट आधीपासून ठाऊक असणं हा काही दोष नाही. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये आपला चित्रपटांचा संसार नाशिकला हलवला. त्यांच्या 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) कृष्णच जिंकणार, हे प्रत्येक प्रेक्षकाला माहीत होतं. पडद्यावर ते कसं घडतं, हे पाहायला लोक येत. साचा बोचू लागतो तो हे 'कसं'सुद्धा दर वेळी तेच झालं की.

सुपरमॅन १९३८ मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला, तेव्हा तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवत होता, लाचखोर राजकारण्याच्या मागे लागत होता. पुढे कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड झाली आणि १९५४ मध्ये अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता घालून घेतली. प्रत्येक वेळी सत्याचाच जय आणि गुन्हेगाराला शिक्षा, हे त्यात कलमच होतं. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर निर्माण होईल असं काही दाखवायलाही मनाई होती. सुरुवातीच्या सुपरमॅनची धग अशा नियमांत टिकणं कठीणच होतं.

पडद्यावरची वाट १९७८ च्या 'सुपरमॅन'ने आखून दिली: आधी जन्मकथा, मग शक्तीची ओळख, शेवटी खलनायकाशी सामना.

आजचा साचा मात्र घट्ट झाला तो पैशामुळे, असं माझं ठाम मत आहे. आयर्न मॅन, हल्क अशा नायकांची कॉमिक्स काढणाऱ्या मार्व्हलने १९९६ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती. त्यातून सावरलेल्या या कंपनीने २००५ मध्ये स्वतः चित्रपट काढण्यासाठी ५२.५ कोटी डॉलरच्या कर्जाची सोय केली आणि तारण म्हणून दहा पात्रांचे चित्रपटहक्क ठेवले. चित्रपट पडले असते तर पात्रंच हातची गेली असती. पैसा घालणाऱ्यांशी खटके फाळक्यांचेही उडाले. नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी बिनसलं आणि ते सगळं सोडून काशीला निघून गेले. मार्व्हलवर तर पटकथा लिहिण्याआधीच धोका टाळण्याची सक्ती होती.

२००८ चा 'आयर्न मॅन' तुफान चालला आणि त्यात जे जमलं तेच पुन्हा येत राहिलं. त्यातला खलनायक नायकासारखंच चिलखत घालून येतो. त्याच वर्षी हल्कसमोर दुसरा राक्षस उभा राहिला. २०१५ मध्ये अँटमॅनसमोर तसाच आकसणारा सूटवाला आला. श्रेयनामावलीनंतरचा तुकडा पुढच्या चित्रपटाकडे बोट दाखवू लागला. त्यामुळे मुख्य पात्र मरेल, हरेल किंवा मुळातून बदलेल, ही शक्यताच आक्रसली. माझ्या लेखी सर्वांत मोठं नुकसान हेच.

डिस्नेने २००९ मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलरला मार्व्हल घेतली. २०१९ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'ने जगभरात जवळपास २.८ अब्ज डॉलर कमावले, तर २०२३ च्या 'द मार्व्हल्स'ची कमाई एका अब्जाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यावर थांबली. मे २०२४ मध्ये डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांनी वर्षाला दोन, फार तर तीनच मार्व्हलपट काढण्याचं जाहीर केलं. या चित्रपटांच्या प्रदर्शनाच्या तारखा मात्र आजही कित्येक महिने आधीच राखून ठेवल्या जातात.