स्टीमपंक

विज्ञानकथेचा एक उपप्रकार आणि त्यातून रुजलेली दृश्यशैली. वाफेच्या इंजिनाची सद्दी कधी संपलीच नसती तर जग कसे दिसले असते, ही यामागची मूळ कल्पना. कथा बहुधा व्हिक्टोरियाकालीन लंडनमध्ये घडते. अमेरिकी लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी १९८७ मध्ये ‘लोकस’ या मासिकाला लिहिलेल्या पत्रात ‘सायबरपंक’ या संगणकी भविष्याच्या विज्ञानकथा-प्रकाराच्या धर्तीवर हे नाव सुचवले.

या शैलीत यंत्राचे पोट उघडे असते. पितळी नळ्या, रिव्हेट ठोकलेले पत्रे, दाबमापकाचा थरथरता काटा, दातेरी चक्रे. माणसांच्या डोक्यावर उंच हॅट आणि तिच्यावर चढवलेला जाड काचांचा गॉगल. कळ कुठे दाबली आणि काय हलले हे डोळ्यांना दिसावे, ही हौस बंद डब्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सला कंटाळलेल्यांना भावली. पॅरिसच्या ‘आर्ट-ए-मेतिए’ मेट्रो स्थानकाचा एक फलाट १९९४ मध्ये बेल्जियन चित्रकथाकार फ्रांस्वा स्क्वितेन यांनी असाच सजवला. भिंतींना तांब्याचे पत्रे, त्यांत जहाजासारख्या गोल खिडक्या, छताला मोठाली चक्रे. ती चक्रे अर्थात काहीच फिरवत नाहीत. शोभेच्या चक्रांचा हा सोस पुढे शैलीच्या अंगलटच आला.

कथाविषयांत एकांडा संशोधक, हवाई जहाजे आणि बदललेला इतिहास हे नेहमीचे. विल्यम गिब्सन व ब्रूस स्टर्लिंग यांच्या १९९० च्या कादंबरीत इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजची गणनयंत्रे एकोणिसाव्या शतकातच चालू होतात. कल्पना अगदीच हवेतली नव्हती: बॅबेजच्या हयातीत न बनलेल्या यंत्राचा गणनाचा भाग लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये त्याच्या आराखड्यांवरून बनवला आणि तो चालला.

धूर रम्य, पण कोळसा उपसणारे आणि वसाहतींत राबणारे हात कथेत क्वचितच दिसतात, हा मुख्य आक्षेप. पूर्वसुरी मानला जाणारा फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न याबाबत अधिक गुंतागुंतीचा आहे. त्याच्या १८८० च्या कादंबरीत कलकत्त्याहून निघालेला वाफेवरचा लोखंडी हत्ती दोन फिरती घरे ओढतो आणि खलनायक असतो नानासाहेब पेशवा. त्याआधी मात्र त्याने आपल्या कादंबऱ्यांतला पाणबुडीचा कप्तान नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात लढलेला, असे उघड केले होते. नेमोची पाणबुडी चालते विजेवर. तिचे रिव्हेटबंद रूप लोकांच्या मनात ठसवले ते १९५४ च्या हॉलिवूडपटाने. त्यात नेमो झाला इंग्रज नट जेम्स मेसन.