घरगुती नॅसवरील सामायिक फोल्डर : जोडणीतील दोषशोध

घरातील छायाचित्रे, चित्रफिती व कागदपत्रे एका ठिकाणी साठवून ती घरच्याच नेटवर्कमधील संगणक, फोन आणि टीव्हीला पुरवणाऱ्या उपकरणाला नॅस म्हणतात. त्यावरील जो फोल्डर इतर उपकरणांसाठी खुला केलेला असतो, तो सामायिक किंवा शेअर्ड फोल्डर होय. असा फोल्डर उघडेनासा झाल्यावर जोडणी नेमकी कोठे अडली आहे हे क्रमाने पडताळून पाहणे म्हणजे तिचा दोषशोध. उपकरणापर्यंत वाट असावी लागते, त्याच्या नावावरून पत्ता लागावा लागतो, दोन्ही बाजूंच्या प्रोटोकॉलची, म्हणजे संवादाच्या ठरलेल्या नियमांची, आवृत्ती जुळावी लागते, वापरकर्त्याची ओळख पटावी लागते आणि शेवटी फोल्डरची परवानगी असावी लागते. पडद्यावरचा संदेश यांपैकी काय बिघडले ते क्वचितच सांगतो. नेटवर्कवरील मार्ग सापडला नाही, हा विंडोजचा ५३ क्रमांकाचा संदेश उपकरण बंद असले तरी येतो आणि नुसते नाव ओळखता आले नाही तरी येतो.

विंडोजच्या ‘नेटवर्क’ यादीत नॅस न दिसणे आणि नॅसशी जोडणी न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यामुळे सर्वाधिक वेळ वाया जातो. म्हणून पहिली चाचणी यादी बाजूला ठेवून करावी. राउटरच्या पानावरून नॅसचा आयपी पत्ता पाहावा आणि फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघांपुढे तो अंकी पत्ता लिहावा. फोल्डर उघडला तर वाट, ओळख आणि परवानगी ठीक असून दोष केवळ नावाचा किंवा यादीचा आहे. उघडला नाही तर पिंग करून, म्हणजे उपकरण उत्तर देते का हे तपासणारा छोटा संदेश पाठवून, पाहावे. पिंगला उत्तर येत असूनही ४४५ क्रमांकाचे टीसीपी पोर्ट, म्हणजे फाइल-सेवेचे दार, बंद आढळले, तर रहदारी गाळणारी फायरवॉल आड येत आहे किंवा नॅसवरील फाइल-सेवाच थांबलेली आहे.

वाटेतले दोष बहुधा क्षुल्लक असतात. फोन पाहुण्यांच्या वायफायवर असतो. किंवा इंटरनेट कंपनीने बसवलेल्या राउटरच्या पुढे घरच्यांनी दुसरा राउटर जोडलेला असतो आणि नॅस १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांत, तर लॅपटॉप १९२.१६८.० च्या पत्त्यांत अडकतो. कार्यालयाच्या लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारा खासगी मार्ग, चालू असला तर घरातली रहदारीही बाहेर वळू शकते. विंडोजने घरच्या नेटवर्कला ‘पब्लिक’ मानले असल्यास शेजारची उपकरणे शोधणे बंद राहते. मॅकओएसच्या २०२४ मधील १५ व्या आवृत्तीपासून प्रत्येक अ‍ॅपला स्थानिक नेटवर्क वापरण्याची वेगळी परवानगी द्यावी लागते. वीज जाऊन आल्यावर उद्भवणारा दोष मात्र आपल्याकडे विशेष ओळखीचा आहे. नॅस आधी सुरू होतो आणि राउटर अजून सज्ज नसतो. मग नॅस १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो, किंवा पुढे राउटरकडून त्याला पूर्वीपेक्षा निराळा पत्ता मिळतो आणि संगणकावर जोडून ठेवलेला ड्राइव्ह जुन्याच पत्त्यावर वाट पाहत राहतो. राउटरमध्ये नॅससाठी कायमचा पत्ता राखून ठेवणे हा यावरचा उपाय आहे.

प्रोटोकॉलच्या आवृत्तीचा प्रश्न समजण्यासाठी थोडा इतिहास आवश्यक आहे. अशा फोल्डरांसाठी प्रामुख्याने वापरला जाणारा एसएमबी हा प्रोटोकॉल १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी रचला आणि पुढे मायक्रोसॉफ्टने तो वाढवला. बहुतेक घरगुती नॅस लिनक्सवर चालतात आणि त्यांच्यावर हा प्रोटोकॉल हाताळणारी सांबा ही प्रणाली ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी लिहायला घेतली. एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द संगणकावरील शब्दसूचीत शोधताना तिचे नाव सापडले. भोळ्या सांबाशी त्याचा काही संबंध नाही. एसएमबीची दुसरी आवृत्ती विंडोज व्हिस्टाबरोबर, तर तिसरी २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आली, तरी पहिली आवृत्ती बरीच वर्षे सोबत चालू राहिली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने तिच्यातील उणिवेचा फायदा घेऊन जगभर संगणक बंद पाडले. पुढच्याच महिन्यात त्याच उणिवेचा आधार घेणाऱ्या नॉटपेट्या या प्रोग्रॅममुळे नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. त्या वर्षअखेरच्या विंडोज १० पासून पहिली आवृत्ती आपोआप बसवणे थांबले आणि २०१९ मध्ये सांबा ४.११ नेही ती मूळ मांडणीत बंद ठेवली. परिणामी जुने नॅस एकाएकी दिसेनासे झाले. अशा वेळी विंडोजमध्ये पहिली आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो लागू पडतो, पण घातक आहे. नॅसची प्रणाली अद्ययावत करून तेथे किमान दुसरी आवृत्ती निवडावी आणि यादीत दिसण्यासाठी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी ही सेवा चालू करावी.

ओळखीच्या पायरीवर विंडोज आधी काही न विचारता स्वतःचेच वापरकर्ता-नाव पुढे करते. नॅसने अनोळखी नावाला पाहुणा म्हणून आत घेतले असेल आणि नंतर आपण खऱ्या नावाने शिरू लागलो, तर १२१९ क्रमांकाची त्रुटी येते, कारण एकाच सर्व्हरशी एकाच वेळी दोन नावांनी जोडणी विंडोज करू देत नाही. आधीची जोडणी तोडून आणि विंडोज जेथे पासवर्ड साठवते त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधील जुनी नोंद पुसून नव्याने प्रवेश करावा. संगणक उघडण्याचा चार अंकी पिन येथे चालत नाही, नॅसवरील खात्याचाच पासवर्ड लागतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो प्रकारातही पासवर्डविना पाहुणा-प्रवेश बंद झाला आहे. त्यासाठी विंडोजचे नियम सैल करण्यापेक्षा नॅसवर घरातील प्रत्येकासाठी खाते उघडणे बरे.

परवानगी दोन थरांत असते, एक शेअरची आणि एक आतील फाइल-प्रणालीची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेची, आणि त्यांपैकी जी कडक ती लागू होते. फोल्डर कूटबद्ध असल्यास वीज गेल्यानंतर तो पुन्हा किल्ली देऊन उघडावा लागतो. तोवर तो सापडतच नाही.

फोल्डर उघडतो पण एखादीच फाइल अडते, तेव्हा मराठी नावाकडे पाहावे. लिनक्सवरील प्रचलित फाइल-प्रणालींत नावाची मर्यादा २५५ बाइटची असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा व हलन्तासह, ३ बाइट घेते. ‘क्षणचित्रे’ हा चार अक्षरी दिसणारा शब्द १० चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटचा होतो. साध्या फोल्डरात त्यामुळे ८५ चिन्हे मावतात. ईक्रिप्टएफएस या लिनक्सवरील पद्धतीने कूटबद्ध केलेल्या फोल्डरात मर्यादा १४३ बाइटची, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हांची असते. ‘दौऱ्याचे फोटो’ यातील ऱ हे अक्षर एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिले जाते आणि र व खालचा नुक्ता असे दोन तुकड्यांतही. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-प्रणाली दुसरी पद्धत वापरत असे. तेथून जशीच्या तशी नक्कल केलेली फाइल यादीत डोळ्यांना बरोबर दिसते, पण विंडोजच्या कीबोर्डवरून तेच नाव टाइप करून शोधल्यास हाती लागत नाही.