क्रमाचा कॉलम आयत्या वेळी ठरतो तेव्हा

स्टोअर्ड फंक्शनला (डेटाबेसमध्येच साठवलेल्या फंक्शनला) कॉलमचं नाव पॅरामीटर म्हणून, म्हणजे बाहेरून दिलेली किंमत म्हणून द्यायचं आणि आत 'ऑर्डर बाय' (ओळी कशाच्या क्रमाने लावायच्या ते सांगणारा भाग) पुढे तो पॅरामीटर लिहायचा, हे प्रत्येकाने एकदा तरी केलेलं असतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असं फंक्शन विनातक्रार तयार होतं, चालतंही. ओळी मात्र होत्या तशाच. कारण आत कॉलम पोचतच नाही, पोचतो 'पगार' हा नुसता शब्द. प्रत्येक ओळीला तोच शब्द, मग लावायचं काय?

याचं मूळ बरंच मागे आहे. 1970 साली एडगर कॉड यांनी मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये रिलेशन (साधारणपणे टेबल) म्हणजे ओळींचा संच, आणि संचातल्या ओळींना क्रम नसतो. क्रम हवा तर क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने, शेवटी तो मागून घ्यायचा. आयबीएमच्या 'सिस्टम आर' प्रकल्पात क्वेरी आधीच कंपाइल करून (चालवायला तयार करून) ठेवायची पद्धत रुळली: कुठली टेबलं, कुठले कॉलम, कुठला इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) हे आधी ठरायचं, किमती (व्हॅल्यू) नंतर भरायच्या. पॅरामीटर ही त्या किमतीची जागा. क्रमाचा कॉलम हा क्वेरीच्या सांगाड्याचा भाग, त्यामुळे तो त्या जागेत बसत नाही.

पहिली पळवाट 'केस'ची, म्हणजे अटीप्रमाणे वेगवेगळी किंमत देणाऱ्या रचनेची. क्वेरी लिहायच्या भाषेच्या एसक्यूएल-92 या प्रमाणात 'केस' प्रमाणित झालं आणि लोक ते 'ऑर्डर बाय'मध्ये लिहू लागले. पण सगळ्या फांद्यांचा डेटा प्रकार जुळावा लागतो. पगार आणि नाव एकाच 'केस'मध्ये घातले की एरर. संख्या मजकुरात बदलली तर 9 च्या आधी 10 येतो. म्हणून प्रत्येक प्रकाराला वेगळा 'केस', चढत्या-उतरत्यासाठी पुन्हा दुप्पट. वाचवत नाही असा कोड.

दुसरी वाट डायनॅमिक एसक्यूएलची: क्वेरीचा मजकूर फंक्शनमध्येच जोडायचा आणि चालवायचा. सोय खरी, पण बाहेरून आलेला शब्द थेट चिकटवला की इंजेक्शनला (त्या शब्दातून क्वेरीत स्वतःचे आदेश घुसवण्याला) दार उघडं. पोस्टग्रेसच्या 8.4 आवृत्तीत (2009) जोडलेली क्वेरी चालवून तिच्या ओळी परत देणारं 'रिटर्न क्वेरी एक्झिक्यूट' आणि किमती वेगळ्या देणारं 'युजिंग' आलं, 9.1 मध्ये (2011) साच्यात मजकूर भरणारं 'फॉरमॅट' फंक्शन. त्यातल्या '%आय' (%I) या खुणेमुळे नाव गरजेप्रमाणे अवतरणात जातं. कुणी 'पगार डेस्क' (DESC, म्हणजे उतरता क्रम) पाठवलं तर तो अख्खा मजकूर एका कॉलमचं नाव समजला जातो आणि असा कॉलम नाही म्हणून एरर येतो.

तरी परवानगी असलेल्या कॉलमांची यादी तपासावीच, असं माझं मत. नाहीतर न दाखवलेल्या कॉलमवरही क्रम लावून घेता येतो आणि पगार लपवूनही कोणाचा जास्त ते कळतं. चढता की उतरता हे तर '%आय'च्या कक्षेतच येत नाही. ते साध्या 'इफ'नेच ठरवायचं.