यादीतल्या नावांमागे : एका महिला मंडळाच्या श्रद्धांजलीची पार्श्वभूमी

वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय कायम तोच असतो : दुखवट्याचे ठराव. मग मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं, मग हिशेब, मग बाकी सगळं. यंदा या पहिल्या विषयाखाली जी यादी वाचली जाईल, तिच्यात कुणाच्याही नावाआधी 'सौ.' नाही, 'कै.' नाही, विधवांना लावतात ते 'गं. भा.' (गंगा भागीरथी) नाही. नावं अकारविल्हे आहेत. आधी बाईचं स्वतःचं नाव, मग आडनाव, आणि माहेरचं नाव कळलं असेल तिथे तेही. गेल्या सभेत हा निर्णय झाल्यापासून त्यावर विचारणा होते आहे आणि दोन-तीन घरांमधून ती रागानं झाली आहे, म्हणून हे टिपण. मंडळ सांगलीतलं आहे आणि मुलींचं शिक्षण व स्त्रियांना समान वागणूक ही उद्दिष्टं त्याच्या घटनेत लिहिलेली आहेत. ओळख म्हणून एवढं पुरे.

स्त्रीशिक्षणाची गोष्ट १८४८ पासून सांगत बसायचं कारण नाही, ती पोरीसोरींनाही पाठ आहे. गेलेल्या बाईची आठवण कशी ठेवायची याचं जुनं उदाहरण मात्र सांगण्याजोगं आहे. अमेरिकेत शिकून डॉक्टर झालेली आपल्याकडची पहिली बाई, आनंदीबाई जोशी, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेली, बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत. तिच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला पाठवल्या गेल्या आणि जिनं तिला तिकडे आसरा दिला होता त्या बाईच्या कुटुंबाच्या दफनभूमीत पुरल्या. तिथल्या दगडावर तिचं नाव आहे, पदवी आहे, आणि शिकण्यासाठी देश सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असंही कोरलेलं आहे. इथे असती तर नवरा हयात असल्यामुळे ती नक्कीच 'कै. सौ.' झाली असती. तिथे 'सौ.' सुटलं, जात मात्र सुटली नाही.

पुढच्या चाळीस वर्षांत पुण्या-मुंबईत विधवांसाठी आश्रम निघाले, सदनं निघाली, १९१६ मध्ये महिलांचं विद्यापीठ झालं, आणि जानेवारी १९२७ मध्ये देशभरच्या बायका पुण्यात जमल्या त्या मुलींच्या शिक्षणात काय बदलायचं हे ठरवायला. बडोद्याच्या महाराणी अध्यक्ष होत्या. गावोगावच्या मंडळांनी आपली घटना, उद्दिष्टं, सभा चालवायची रीत याच संस्थांकडून उचलली. दुखवट्याचा ठरावही तिथूनच आला : अमुक यांच्या निधनाबद्दल ही सभा दुःख व्यक्त करते, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं, खाली बसायचं.

आमचं मंडळ १९७५ च्या महिला वर्षानंतरच्या लाटेत उभं राहिलं. १८६० च्या कायद्याखाली संस्था म्हणून आणि १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी झाली, तशी त्या काळातल्या बहुतेक मंडळांची झाली. त्यामुळे मरणाच्या नोंदीचे सुरुवातीपासूनच दोन प्रकार पडले. कार्यकारिणीतली कुणी गेली, की न्यासाच्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यावा लागतो. त्याला मृत्यूचा दाखला जोडायचा, पूर्ण नाव लिहायचं. त्या बायकांची नावं, तारखा आजही जागच्या जागी सापडतात. साध्या सभासदाच्या मरणाशी सरकारला देणंघेणं नसतं. ती गेली की सभासद नोंदवहीत नावावर लाल शाईची आडवी रेघ यायची आणि बाजूला 'मयत'. कुठे तारीख, बऱ्याचदा तीही नाही. नोंदवहीत नाव तरी कसं? 'सौ. पाटील, गावभाग'. सांगलीत!

आता मुख्य तिढ्याकडे. नवऱ्याआधी गेली तर 'कै. सौ.'. नवऱ्यामागे गेली तर 'कै. श्रीमती', आणि जुन्या वळणाच्या चिटणीस असल्या तर 'कै. गं. भा.'. लग्नच केलं नसेल तर 'कु.'. ऐंशी वर्षांच्या होऊन गेलेल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आमच्या छापील अहवालात 'कै. कु.' म्हणून आहेत. ज्यांच्या हाताखाली अर्ध्या गावाच्या पोरी मॅट्रिक झाल्या, त्यांचं नाव वाचणाऱ्याला सगळ्यात आधी कळतं ते हे, की यांना नवरा नव्हता. पुरुषांच्या कुठल्याही मंडळाच्या यादीत हा हिशेब होत नाही. पत्नी हयात असताना गेलेले आणि पत्नी गेल्यावर गेलेले असे कै. दोन प्रकारचे नसतात. ऐंशीच्या दशकातल्या आमच्या अहवालांत तर सौभाग्यवतींची नावं आधी आणि श्रीमतींची नंतर छापलेली आहेत. हा क्रम कुणी ठरवला याची नोंद इतिवृत्तात नाही. बहुधा कुणीच ठरवला नव्हता; हळदीकुंकवाला जो क्रम, तोच यादीत उतरला.

या प्रथेची मुळं खोल आहेत, हे मान्यच करायला हवं. पितृपक्षात अविधवा नवमी वेगळी काढलेली आहे ती अहेवपणी गेलेल्यांसाठी. भरल्या कपाळानं गेली, सोनं झालं, असं म्हणताना म्हणणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. घरच्यांनी मंडळाला दिलेल्या फोटोत काचेवर कुंकवाचं बोट लावलेलं असतं आणि ते दर वर्षी ताजं केलेलं असतं. त्या घराला जाऊन 'आम्ही सौ. काढतो आहोत' हे सांगणं सोपं नाही. एका घरानं लेखी कळवलं, की आईची इच्छाच सवाष्ण जायची होती, ती पुरी झाली, तिचा तो मान तुम्ही कोण काढून घेणार. त्या पत्राला सभेत उत्तर देता आलं नाही. पण त्याच यादीत त्याच बाईंच्या सख्ख्या धाकट्या जावेचं नाव आहे. ती तिशीत विधवा झाली, शिवणक्लासवर दोन मुली शिकवल्या, मंडळाचा साक्षरता वर्ग चालवला. एकीचा मान यादीत लिहिला की दुसरीचं काय लिहिलं जातं, हे त्या पत्रात नाही.

दुसरी गाठ धर्माची. 'कै.' म्हणजे कैलासवासी, हे आपण विसरून गेलो आहोत, कारण आपल्याला ते टोचत नाही. मंडळात मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातल्या ख्रिश्चन परिचारिका होत्या. त्या गेल्या आणि परस्पर कैलासाला पोचल्या. मुस्लिम सभासदांच्या नावाआधी कुणीतरी जाणत्यानं 'पै.', म्हणजे पैगंबरवासी, लावलं. बौद्ध घरांनी 'कालकथित' लिहा म्हणून सांगितलं, लिंगायत घरांना 'लिंगैक्य' हवं होतं, आणि ते रास्तच होतं. प्रत्येकाचं म्हणणं ऐकत गेल्यामुळे नव्वदच्या दशकाअखेर आमची श्रद्धांजलीची यादी अशी झाली, की बाईचं काम वाचायच्या आधी तिची जात, धर्म आणि नवऱ्याची खुशाली कळायची. सर्वांना 'दिवंगत' म्हणावं ही सूचना तेव्हाच आली होती. शासकीय वाटतं म्हणून ती मागे पडली.

विषय पुन्हा तापला तो २०२२ मध्ये. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड आमच्यापासून फार लांब नाही. त्या मे महिन्यात तिथल्या ग्रामपंचायतीनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला, आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. मंडळातल्या तरुण सभासदांचा प्रश्न सरळ होता : एक ग्रामपंचायत जिवंत बाईच्या कपाळावरची खूण काढून घेऊ नका म्हणते, आणि आपण मेलेल्या बाईच्या नावाआधी ती खूण लावत बसलो आहोत? त्यावर वर्ष व्हायच्या आत, एप्रिल २०२३ मध्ये, राज्याच्या महिला व बालविकास खात्याच्या मंत्र्यांनी विधवांना 'गंगा भागीरथी' म्हणावं का यावर चर्चा करा, असं पत्र खात्याला लिहिलं. ओरड झाली, असा काही निर्णय नाही असा खुलासा आला. आमच्याकडे मात्र त्या पत्रानं काम सोपं केलं. जी ज्येष्ठ मंडळी तोपर्यंत 'काय बिघडतं' म्हणत होती, त्यांच्यातल्या निम्म्या तरी त्या आठवड्यात पलटल्या. नावाआधी काय लावायचं हे मंत्री ठरवणार म्हटल्यावर कुणालाही राग यावा. पुढे १ मे २०२४ पासून सरकारी कागदांवर आईचं नाव लिहिण्याचा निर्णय आला, तेव्हा विरोधाची उरलीसुरली धारही बोथट झाली. ठराव बहुमतानं झाला, एकमतानं नव्हे. विरोधी मतं इतिवृत्तात नावानिशी आहेत.

आता माहेरच्या नावाचं. तो हट्ट नाही, पुरानं आणलेली गरज आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. मंडळाची खोली गणपती पेठेकडच्या एका तळमजल्यावर होती. २००५ च्या पुरानंतर कपाट दोन फूट उंच ओट्यावर ठेवलं होतं, त्याचा या वेळी काही उपयोग झाला नाही. नोंदवह्यांचे लगदे झाले. लाल शाई आधी विरघळली. जे 'मयत' होते त्यांच्या नावावरची रेघ धुऊन गेली आणि निळ्या बॉलपेननं लिहिलेली नावं तेवढी टिकली. कागदावर सगळ्याच पुन्हा हयात. यादी नव्यानं बांधताना शाळांची जुनी जनरल रजिस्टरं, शिष्यवृत्तीच्या पावत्या, घरोघरचे फोटो यांचा आधार घ्यावा लागला. तिथे तीच बाई वेगळ्या नावानं भेटते. लग्नात पहिलं नावही बदललेलं, म्हणजे शाळेतली कमल आणि मंडळातली सुनंदा एकच, हे सांगायला तिची एखादी मैत्रीण जिवंत असावी लागते. अशा मैत्रिणीही आता नव्वदीला टेकल्या आहेत. कोविडच्या दोन वर्षांत त्यांतल्याही काही गेल्या. तेव्हा सभा मोबाइलवर झाल्या, आणि ग्रुपवर हात जोडलेल्या चित्राखाली तीसेक 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडायच्या. त्या वेळची नोंद करायला हवी होती, ती मागाहून ग्रुप उपसून केली.

पैशाचा भाग थोडक्यात. १९८५ ते २००० या काळात गेलेल्या बऱ्याच सभासदांच्या घरच्यांनी त्यांच्या नावे मंडळाकडे ठेव ठेवली : मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजातून गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीला किंवा गरजू मुलीला बक्षीस. तेव्हा ठेवीवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. पाच हजारांचे सहाशे रुपये होत, त्यात मुलीचा गणवेश आणि वह्या यायच्या. साडेसहा टक्क्यांना त्याचे सव्वातीनशे होतात. त्यातही काही ठेवी एका सहकारी बँकेत होत्या आणि ती बँक बुडाली. बँकेतल्या ठेवींचा विमा तेव्हा, म्हणजे १९९३ पासून २०२० पर्यंत, ठेवीदारामागे एक लाखाचा. पावत्या वेगवेगळ्या बायकांच्या स्मरणार्थ असल्या तरी ठेवीदार एकच, मंडळ. त्यामुळे सगळ्या पावत्या मिळून एक लाख आले. ते कुणाच्या नावाचे धरायचे? सगळ्यांचा मिळून एक स्मृती निधी करावा असं ठरलं, आणि स्वतंत्र नावं बक्षीस समारंभाच्या पत्रिकेवरून गेली. 'सौ.' काढल्याचा जो राग आज दिसतो त्यातला काही भाग त्या वेळचा आहे, असं आमचं मत आहे. नाव गेलं, आता मानही गेला. शिवाय फीचा भार काही घरांवरून उतरला आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकारनं माफ केली. म्हणून निधीचं व्याज आता वसतिगृहाच्या अनामतीकडे आणि मेसच्या पैशाकडे वळवलं आहे. देणगीदारांनी लिहिलेला हेतू तो नव्हता, ही हरकत नोंदवलेली आहे आणि ती गैर नाही.

एक गोष्ट यंदाही सुटलेली नाही. यादी सभासदांची आहे, आणि सभासद म्हणजे वर्गणी भरलेली. बालवाडीच्या सेविका, नव्वदच्या दशकात झोपडपट्टीत रात्रीचे साक्षरता वर्ग घेणाऱ्या मुली, खोली झाडून सतरंज्या घालणाऱ्या मावशी यांनी वर्गणी कधी भरली नाही, कारण त्यांना कुणी पावती पुढे केली नाही. त्यांच्यातल्या गेलेल्यांचा समावेश आजवर 'ज्ञात-अज्ञात' या दोन शब्दांत होत आला. समानतेचं नाव घेणाऱ्या मंडळाला हे शोभणारं नाही. त्यांची यादी करायचं काम दोघींकडे दिलं आहे, जुन्या मानधन पत्रकांवरून काही नावं लागली आहेत; अंगठे आहेत, नाव दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं. घटनेप्रमाणे ही नावं दुखवट्याच्या ठरावात घेता येतात का, की त्यासाठी सभासद या शब्दाची व्याख्याच बदलावी लागेल, यावर कार्यकारिणीत दोन मतं आहेत. घटनादुरुस्ती लागली तर वेगळी नोटीस, दोन तृतीयांश मतं आणि पुन्हा धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या आल्या. हा विषय यंदाच्या पत्रिकेवर सहावा आहे.