दुसऱ्या सायलेन्सरचं गणित

पिकअप ट्रकच्या मागे डावी-उजवीकडे दोन चकचकीत नळकांडी दिसली, की आपण 'डबल सायलेन्सर' म्हणून मोकळे होतो. वाकून खाली पाहावं, तर बरेचदा कॅबखाली, म्हणजे चालकाच्या केबिनखाली, एकच पाइप असतो आणि मागच्या एक्सलजवळ त्याला दोन फाटे फुटलेले असतात. दिसायला झकास, पण धुराच्या दृष्टीने एकेरीच. खरी दुहेरी व्यवस्था वेगळी. व्ही-८ इंजिनात चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा असतात आणि तिथे प्रत्येक रांगेचा धूर आपल्या स्वतंत्र वाटेने मागे नेलेला असतो. असं काही बनवून घ्यायचं मनात असेल, तर गॅरेज गाठण्याआधी थोडं गणित करावं. दुसरा पाइप घातला म्हणजे ताकद वाढली, असा सरळ हिशोब इथे नाही.

५.३ लिटरचं इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेतंय असं धरू. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पूर्ण श्वास घेतं, म्हणजे मिनिटाला फार तर सव्वातेरा हजार लिटर हवा आत जाते. बाहेर पडताना मात्र तो वायू तापून फुगलेला असतो. ६०० अंश सेल्सिअसला आकारमान जवळजवळ तिप्पट. हा लोट तीन इंची एका पाइपातून न्यायचा, की सव्वादोन इंची दोन पाइपांतून? क्षेत्रफळ पाहिलं तर दोन पाइप सुमारे १२ टक्क्यांनी मोठे ठरतात. पण वायू भिंतीला घासत जातो आणि दोन पाइपांत मिळून भिंत दीडपट आहे. ठरावीक प्रवाहासाठी दाबातली घट व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ते सूत्र लावलं की सव्वादोन इंची जोडीचा अडथळा तीन इंची एकट्या पाइपापेक्षा थोडा जास्तच निघतो! अडीच इंची जोडी घेतली, तर मात्र तो एक तृतीयांशाहून अधिक घटतो. पाव इंचाने एवढा फरक. शिवाय पाइपाचं माप बाहेरून मोजलेलं असतं, पत्र्याची जाडी त्यातून वजा करायची असते, हेही ध्यानात असू द्यावं.

मग सरळ साडेतीन इंची दोन पाइप का टाकू नयेत? इथे कोणीतरी हमखास सांगतं, की 'इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच.' ही समजूत चुकीची आहे. धूर ढकलायला जोर लावावा लागणं कुठल्याही इंजिनाला फायद्याचं नाही. लोकांचा अनुभव मात्र खोटा नसतो: फार मोठे पाइप बसवले की कमी फेऱ्यांवर गाडीची ओढ कधी कधी खरोखर मंदावते. त्याचं कारण लहरींमध्ये आहे.

पिस्टन तळाशी पोचण्याआधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे धूर धडाक्याने बाहेर पडतो आणि दाबाची एक लहर पाइपातून पुढे धावते. तिचा वेग म्हणजे त्या तापलेल्या वायूतला ध्वनीचा वेग. ६०० अंशांना तो सेकंदाला सुमारे ५८० मीटर भरतो. नळी जिथे एकदम रुंद होते किंवा मोकळ्यावर उघडते, तिथून ही लहर उलटी होऊन परतते. दाबाची लहर गेलेली असते, येते ती कमी दाबाची. एक्झॉस्ट आणि इनटेक असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना ती सिलिंडरपाशी पोचली, तर उरलासुरला धूर खेचून घेते आणि ताज्या हवेला वाट करून देते. गरजेपेक्षा मोठ्या पाइपात धुराचा वेग पडतो, लहर दुबळी होते आणि ही फुकटची मदत हातची जाते. अर्थात या खेळाचं मुख्य मैदान म्हणजे मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर एकत्र आणणारा, इंजिनाला लागूनचा भाग) आणि त्यापुढचा थोडा भाग. धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्याच्या मागे काय बदललं त्याने आवाज नक्की बदलेल, ताकद मात्र जेमतेम.

आता त्या आवाजाकडे येऊ, कारण खरं सांगायचं तर बहुतेकांना तोच हवा असतो.

बऱ्याच अमेरिकन व्ही-८ इंजिनांत सिलिंडर पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा असतो. क्रँकशाफ्ट दर ९० अंश फिरला की एक ठिणगी, अगदी समान अंतराने. पण विषम आकड्यांचे सिलिंडर एका रांगेत असतात आणि सम आकड्यांचे दुसऱ्या. फक्त विषम रांगेला कान लावा: १ नंतर ३ पेटायला २७० अंश लागतात, मग १८० अंशांनी ५, त्यानंतर लगेच ९० अंशांवर ७, आणि पुन्हा १८० अंशांनी १. म्हणजे लांब विश्रांती, मग दोन ठोके जवळजवळ चिकटून. दोन्ही पाइप शेवटपर्यंत वेगळे ठेवले की ही लंगडी लय जशीच्या तशी बाहेर येते. व्ही-८ चा तो प्रसिद्ध गुडगुडाट तो हाच.

तोटाही इथेच आहे. ५ आणि ७ चा धूर एकाच पाइपात लागोपाठ घुसतो, तेव्हा शेजारचा पाइप त्या मानाने रिकामा असतो. म्हणून दोन पाइप वाटेत एकमेकांना जोडतात. आडवी नळी टाकून जोडले तर एच-पाइप: दाब वाटला जातो, खर्ज टिकतो. दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळतील असे जोडले तर एक्स-पाइप: आवाज गुळगुळीत होतो आणि किंचित वरच्या पट्टीत जातो. एच-पाइपची जागा शोधायची जुन्या मेकॅनिकांची एक युक्ती आहे. पाइपावर रंगाचा लांब पट्टा ओढायचा, इंजिन चालवायचं आणि रंग सगळ्यात जास्त जिथे जळेल तिथे जोड द्यायचा. ट्रकमध्ये मात्र ही चैन फारशी परवडत नाही. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि मागच्या एक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट जी जागा सोडतील, तीच आपली.

हौसेने केलेलं काम लांबच्या प्रवासात डोकं उठवतं ते घुमण्यामुळे. १,८०० फेऱ्यांवर आठ सिलिंडर सेकंदाला १२० वेळा पेटतात, म्हणजे १२० हर्ट्‌झचा सूर. कॅबची बंद पोकळी असे खालचे सूर चांगलेच उचलून धरते. उपाय सोपा आहे: मुख्य पाइपाला, टोकाशी बंद असलेली एक आडफाट्याची नळी जोडायची, लांबी त्या लहरीच्या पाव भागाइतकी. लहर त्या आंधळ्या गल्लीत शिरते, मागे फिरते आणि मूळ लहरीच्या नेमकी उलट अवस्थेत येऊन तिला मारते. वायू ३०० अंशांचा धरला तर त्यात ध्वनीचा वेग ४८० मीटरच्या आसपास. भागिले १२०, भागिले ४, म्हणजे बरोबर एक मीटर. बंद नळीतला वायू खेळता नसतो, त्यामुळे थोडा गार राहतो, तेव्हा नळी जराशी आखूड कापावी लागते.

आखणीचा उरलेला भाग जागेच्या भांडणाचा आहे. चासीच्या एका अंगाला इंधनाची टाकी, मागे खाली टांगलेलं स्टेपनी चाक, ब्रेकच्या नळ्या, आणि माल भरला की स्प्रिंगच्या पाट्यांसकट वर सरकणारा एक्सल. त्यामुळे अंतरं मोजायची ती रिकाम्या गाडीवर नाही, एक्सल पूर्ण वर गेला आहे असं धरून. पाइप स्वतःही स्थिर नसतो. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचा दोन मीटर पाइप ३०० अंशांनी तापला, तर जवळपास एक सेंटिमीटर लांबतो. म्हणून पाइप टांगायला रबरी हँगर हवेत. चासीला घट्ट वेल्ड केला तर आज ना उद्या तडा जाणारच. वाकवताना मँड्रेल, म्हणजे पाइपाच्या आत घालायचा आधार, वापरणाऱ्याकडेच काम द्यावं, नाहीतर प्रत्येक वळणावर पाइप चेपतो आणि अडीच इंचाचा हिशोब कागदावरच राहतो. शेवटची टोकं कॅबच्या मागे, उघड्यावर निघाली पाहिजेत. धूर कॅबमध्ये शिरला तर घात होतो: रक्तातल्या हिमोग्लोबिनला त्यातला कार्बन मोनॉक्साइड हा ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा विषयच नको. बहुतेक देशांत ते बेकायदा आहे. जोडही घट्ट हवेत: धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या, इंजिनाजवळच्या सेन्सरच्या आधी एखादा जोड गळका राहिला, तरी बाहेरची हवा आत शोषली जाऊन इंजिनाचा संगणक इंधन चुकीचं मोजू लागतो. टर्बो डिझेल असेल तर दुहेरीचा फायदा जवळपास संपतोच: सगळा धूर टर्बोच्या टर्बाइनमधून, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणाऱ्या चक्रातून, एका तोंडाने बाहेर येतो, ठोके तिथेच सपाट होतात. त्याला एकच मोठा पाइप बरा.

आणि पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन निघून जातं, पण पाइप तापलेला असेल तरच. दुहेरी व्यवस्थेत प्रत्येक पाइपाच्या वाट्याला निम्माच धूर येतो, दोन्ही सायलेन्सर उशिरा तापतात, आणि छोट्या-छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते पाणी आतच साचून पत्रा आतून कुजवतं. सायलेन्सर बसवताना त्याच्या सगळ्यात खालच्या जागी तीन मिलिमीटरचं एक भोक पाडून घ्यावं.