मॅन्युअल आणि ट्युटोरियल: दिसायला सारखे, कामाला वेगळे

‘आता मॅन्युअल कोण वाचतं? गेममध्येच सगळं शिकवतात की!’ गेमिंगच्या गप्पांत हे हमखास ऐकू येतं. ट्युटोरियल, म्हणजे खेळता खेळता शिकवणारा गेममधलाच भाग, आलं आणि त्याने मॅन्युअलची, म्हणजे गेमसोबतच्या माहितीपुस्तिकेची, जागा घेतली, असं यात धरून चाललेलं असतं. मला ते मुळीच पटत नाही. कोणती गोष्ट कधी सांगायची हे ट्युटोरियलमध्ये गेम ठरवतो, मॅन्युअलमध्ये खेळणारा. ट्युटोरियल ज्याला अजून प्रश्नच पडलेला नाही त्याच्यासाठी असतं. मॅन्युअल प्रश्न पडलेल्यासाठी.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची (१९८५) पहिली लेव्हल आठवा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे जायचं कुठे हे आपोआप कळतं. चार पावलांवर प्रश्नचिन्हाचा ठोकळा चमकत असतो आणि समोरून गूम्बा हा छोटा शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर मरण, पण लेव्हल नुकतीच सुरू झालेली असल्याने वाया जातात ते काही सेकंदच. मग ठोकळ्याला डोकं आपटलं की मशरूम निघतं, घरंगळत पुढे जातं, पाइपला धडकतं आणि उलटं मारिओकडेच येतं. ते चुकवणं नवख्याला अवघड, त्यामुळे ते अंगावर येतं आणि मारिओ मोठा होतो. मशरूम चांगलं, गूम्बा वाईट, हे एक शब्दही न वाचता समजलं. ‘ट्युटोरियल’ अशी पाटी नसलेलं हे अव्वल दर्जाचं ट्युटोरियल आहे.

याच गेमसोबत मॅन्युअलही मिळायचं, आणि त्यात वेगळंच काही होतं. कूपा या कासवांच्या टोळीने काळी जादू करून मशरूम राज्यातल्या प्रजेचे दगड-विटा करून टाकले आहेत, ही गोष्ट त्या पुस्तिकेत होती. पडद्यावर ती कुठेच सांगितलेली नाही. लेव्हल हाताला शिकवत होती, पुस्तिका जगाची ओळख करून देत होती.

मॅन्युअल आणि ट्युटोरियल एकच समजण्याचा घोळ आपल्याकडे जास्त व्हावा याला कारणही आहे. नव्वदच्या दशकात इथे जे टीव्ही गेम मिळायचे त्यांतले बरेचसे फॅमिकॉम या जपानी गेमयंत्राच्या नकला होते, आणि एकाच कार्ट्रिजमध्ये ढीगभर गेम कोंबलेले असायचे. प्रत्येक गेमची पुस्तिका येणार कुठून? कुठलं बटण कशाला हे शेजारचा दादा सांगायचा. त्यामुळे एक अख्खी पिढी मॅन्युअल न पाहताच मोठी झाली.

मॅन्युअल म्हणजे ‘आधी वाचायची’ गोष्ट, हा समजही अपुरा आहे. ‘पूल ऑफ रेडियन्स’ (१९८८) या भूमिका-खेळासोबत (एखादं पात्र होऊन खेळायच्या गेमसोबत) ‘ॲडव्हेंचरर्स जर्नल’ नावाची पुस्तिका यायची. खेळता खेळता गेम सांगायचा की आता अमुक क्रमांकाची नोंद वाचा. डिस्कवर जागा कमी, म्हणून लांबलचक मजकूर कागदावर गेला. आणि उतावळेपणाने सगळं आधीच वाचून काढणाऱ्यांसाठी त्यात मुद्दाम खोट्या नोंदी पेरलेल्या होत्या! म्हणजे हे पुस्तक आधी वाचून संपवण्यासाठी नव्हतंच.

कागद आणि पडदा हाही फरकाचा निकष नाही. ‘सिव्हिलायझेशन’ या साम्राज्य उभारायच्या गेममधला ‘सिव्हिलोपीडिया’ हा माहितीकोश पडद्यावर आहे, तरी स्वभावाने तो मॅन्युअलच. एखादी युनिट काय करते अशी शंका आली की उघडायचा आणि बंद करायचा. उलट ‘डार्क सोल्स’च्या (२०११) सुरुवातीला जमिनीवर उमटलेले संदेश वाचावे लागत असले, तरी ते ट्युटोरियल आहे. ज्या जागी ढाल लागणार, त्याच्या आसपासच ढालीचं बटण सांगितलेलं असतं.

ट्युटोरियल नेहमीच उपयोगी पडतं का? वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये तीन गेम घेऊन ४५ हजारांहून अधिक खेळाडूंवर हे तपासलं. जे गेम करून पाहता पाहता उमगतात, त्यांत ट्युटोरियल असल्या-नसल्याने फारसा फरक पडला नाही. प्रथिनांच्या घड्या घालायच्या ‘फोल्डइट’सारख्या गुंतागुंतीच्या गेममध्ये मात्र खेळण्याचा वेळ २९ टक्क्यांपर्यंत वाढला. ज्यांना सोप्या गेममध्येही अर्धा तास ‘हे बटण दाबा, आता ते दाबा’ सहन करावं लागतं, त्यांची तक्रार रास्त आहे.

यूबीसॉफ्ट या गेम कंपनीने २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० च्या गेममधून कागदी मॅन्युअल काढून टाकायचं ठरवलं. कारण दिलं पर्यावरणाचं, आणि बदल्यात गेमच्या आत डिजिटल मॅन्युअल द्यायचं कबूल केलं. पुढे इतर कंपन्यांनीही तीच वाट धरली. हळूहळू पुस्तिका गेली. अडलं की शोधून पाहायची गरज मात्र तशीच राहिली. ‘माइनक्राफ्ट’ची संगणकावरची पूर्ण आवृत्ती २०११ मध्ये आली, पण कोणत्या वस्तू कशा मांडल्या की काय तयार होतं याचं पुस्तक गेमच्या आत आलं ते थेट २०१७ मध्ये. मधली वर्षं खेळणारे शेजारच्या खिडकीत विकी, म्हणजे गेमची माहिती देणारी वेबसाइट, उघडी ठेवूनच बसायचे. ती विकी लिहिली कुणी? खेळणाऱ्यांनीच, फुकटात. माझा आक्षेप इथे आहे. ‘कुणी वाचत नाही’ म्हणत जी जबाबदारी कंपन्यांनी सोडली, ती चाहत्यांनी उचलली आणि त्यांनी लिहिलेलं लोक रोज वाचताहेत.

मॅन्युअलवर मनापासून प्रेम करणारे गेम आजही निघतात. ‘ट्युनिक’मध्ये (२०२२) मॅन्युअलची पानं त्या जगात विखुरलेली आहेत. बहुतेक मजकूर बनावट लिपीत आहे, त्यामुळे चित्रं, खुणा आणि समासातली टिपणं यांवरून अर्थ लावायचा. एखादं पान सापडतं आणि कळतं की ही करामत तर पहिल्या मिनिटापासून आपल्या हातात होती, फक्त कुणी सांगितली नव्हती. ट्युटोरियलला हा आनंद देताच येत नाही, कारण ते सगळं वेळेवर सांगून मोकळं होतं.

आणि आधी वाचायचंच म्हणाल, तर ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’ (२०१५) घ्या. एकाला पडद्यावर बॉम्ब दिसतो, बाकीच्यांच्या हातात तो निकामी करायचं मॅन्युअल असतं, आणि एकमेकांकडचं पाहायची मुभा नाही. मॅन्युअल इंटरनेटवर मोफत मिळतं, प्रिंट काढून जमिनीवर पसरता येतं. घड्याळ उलटं धावत असताना तारांचे नियम पहिल्यांदाच वाचणारा गांगरतो. म्हणून मित्र जमायच्या आधी लोक ती पानं खरोखर वाचून, पेनने खुणा करून ठेवतात.